सिंहगडाच्या वाटेवरचे कार्य

सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने चढावे की वळणे घेत वर जाणाऱ्या गाडीरस्त्याने, हा वाद पुणेकरांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. भौतिकशास्त्राला विचारले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचे कार्य, म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने कापलेले अंतर यांचा गुणाकार, दोन्ही वाटांवर सारखेच असते, कारण ते फक्त उभ्या उंचीवर अवलंबून असते. गाडीरस्ता लांब असतो, पण त्याच्या मंद चढावर बल कमी लागते; पायवाट आखूड, पण तिथे पावलोपावली जोर लावावा लागतो, आणि बल व अंतर यांचा गुणाकार शेवटी तेवढाच येतो.

यंदा मी पायवाट निवडली. स्वारगेटहून पहाटेची बस धरली, खडकवासल्याचे पाणी उजाडता उजाडता दिसले आणि ऊन चढायच्या आत पायथा सोडला.

पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची ढोबळमानाने ६०० मीटर धरू. माझे आणि पाठीवरच्या पिशवीचे मिळून वस्तुमान ६५ किलोग्रॅम आणि गुरुत्वत्वरण ९.८ घेतले, तर कार्य सुमारे ३ लाख ८२ हजार ज्यूल भरते. घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा छाती फुटेस्तोवर केलेली ही चढाई जेमतेम एक दशांश युनिटाची. मात्र आपले स्नायू अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा फार तर पाव हिस्सा अशा कामी लावू शकतात आणि उरलेली उष्णता होऊन जाते. त्यामुळे शरीराचा खरा खर्च १५ लाख ज्यूलच्या पुढे, म्हणजे साडेतीनशेहून अधिक किलोकॅलरी होतो. गडावरच्या पिठले-भाकरीला एवढा आधार पुरेसा आहे.

मधल्या एका सपाट टप्प्यावर ताक विकणाऱ्या मावशी भेटल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली कळशी, आणि चालताना मान जराही हलत नव्हती. “मावशी, जड नाही का होत?” असे विचारल्यावर म्हणाल्या, “चढाला जड लागतं बाई, सपाटीला काय न्हाय.” कळशीपुरते त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. त्यांचे बल कळशीला वर उचलून धरते आणि विस्थापन आडवे होते. दोहोंत ९० अंशांचा कोन असल्याने एका संथ गतीने चालताना कळशीवर होणारे कार्य शून्य. मानेचे स्नायू मात्र फुकट राबत नाहीत. ताण टिकवण्यासाठी त्यांच्यातले सूक्ष्म तंतू सतत पकड घेतात, सोडतात आणि पुन्हा घेतात, आणि त्यात ऊर्जा जळत राहते. शून्य कार्य करूनही माणूस थकतो तो यामुळे.

पुणे दरवाजातून आत जाऊन देवटाके आणि तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहिली. १६७० साली याच गडाच्या कड्यावरून मावळे रात्री वर आले होते. त्या कड्याच्या काठावर उभे राहिले की ६०० मीटर हा आकडा वेगळाच वाटू लागतो.

माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा भाग उतरणीत आहे. उतरताना बल वर आणि विस्थापन खाली, म्हणून पाय ऋण कार्य करतात. गुडघा वाकत असताना मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा जोर लावतो आणि तरीही लांबत जातो. दम लागत नाही, कारण अशा कामाला प्राणवायू कमी पुरतो. पण ताणाखाली लांबताना तंतूंना बारीक इजा होते, म्हणून मांड्या भरून येतात त्या त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मुरमाड घसरणीवर लांब टांगा न टाकता छोटी पावले टाकली आणि काठीवर थोडा भार दिला, तर प्रत्येक पावलाला रिचवावी लागणारी ऊर्जा कमी होते आणि गुडघे वाचतात.

पायथ्याशी परतल्यावर गुरुत्वाकर्षणाने केलेल्या कार्याची बेरीज शून्य होते: चढताना जेवढे ऋण, उतरताना तेवढेच धन. विजेवर चालणारी गाडी असा घाट उतरताना काही ऊर्जा बॅटरीत परत साठवते. मांडीच्या स्नायूला तशी सोय नाही, तिथे ती जवळजवळ सगळी उष्णतेत जाते.