घरचं क्लीनर बनवताना: सोडा, सायट्रिक अ‍ॅसिड आणि ओट्यावरचं ते अर्धवर्तुळ

बाथरूममधल्या शॉवरची निम्मी भोकं बुजली होती. उरलेल्यांतून पाणी तिरकं उडायचं, थेट दारावर. नळाच्या तोंडाशी पांढरा खडबडीत थर, काचेवर वाळलेल्या थेंबांचे ठिपके आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर पिवळट चिकटा. विकतच्या क्लीनरचा उग्र वास आईला सोसत नाही, लगेच खोकल्याची उबळ येते. म्हणून घरीच काहीतरी बनवायचं ठरवलं. ते जमायला जवळपास तीन महिने लागले आणि त्यात ओट्याचा एक कोपरा कायमचा खराब झाला. तुमचा तरी वाचावा म्हणून लिहिते आहे.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. वाटीत ओतलं की फसफसून फेस वर येतो आणि वाटतं, आता काही हा मळ टिकत नाही. तो फेस पंख्याच्या पात्याला चोपडला, दहा मिनिटं थांबले, फडक्याने पुसलं. चिकटा होता तिथेच. मग सोडा वाढवला, व्हिनेगर वाढवलं. तरी तेच.

नंतर शांतपणे बसून शाळेतलं रसायनशास्त्र आठवलं तेव्हा उलगडा झाला. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोघं एकत्र आले की एकमेकांचाच जोर मारतात. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि वाटीत उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेट विरघळलेलं पाणी. त्यात मळ काढण्याची फारशी ताकद नसते. 5 टक्के आम्ल असलेल्या 100 मिली व्हिनेगरचा जोर संपवायला जेमतेम 7 ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे दीड छोटा चमचा. मी तर मूठभर टाकत होते.

तिथून गाडी रुळावर आली. घरातला मळ मुख्यतः दोन जातींचा असतो. पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर आम्लाने सुटतो, आणि तेलाचा चिकटा अल्कलीने. दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही, म्हणून बाटल्याही दोन हव्यात.

आधी क्षार घेतले. व्हिनेगरच्या वासानेही आईला त्रास व्हायला लागला, म्हणून सायट्रिक अ‍ॅसिडची पूड आणली, म्हणजेच लिंबूसत्व. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. पहिल्यांदा नळावर फवारलं आणि लगेच पुसलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मला वाटलं, पाणी फार पातळ झालं. पण चूक वेळेची होती. हा थर बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो विरघळायला आम्ल त्याला टेकून राहावं लागतं, आणि नळावरून तर पाणी घसरून जातं. मग टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळला. अर्ध्या तासाने काढला तर कागदाच्या आत थर मऊ होऊन आला होता, जुन्या टूथब्रशने दोन हात मारले आणि खालचा धातू चमकला. यापेक्षा जास्त वेळ मात्र ठेवू नका. नळावरचा मुलामा पातळ असतो आणि आम्ल त्यालाही लागतं. काम झालं की साध्या पाण्याने भरपूर धुवायचं.

शॉवरला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, तोंडाला रबरबँड, आत तेच पाणी. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती. तासाभराने पिशवी सोडली, नळ पूर्ण उघडला, आणि आधी पांढरे कण बाहेर पडले, मग सगळ्या भोकांतून सरळ धारा. दोनतीन हट्टी भोकं टाचणीने मोकळी केली. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

आणि त्याच आठवड्यात ओटा बिघडला.

आमचा ओटा संगमरवरी आहे. सायट्रिक अ‍ॅसिडची बाटली मी त्यावर ठेवली होती आणि तिच्या तळाशी ओघळ आला होता. सकाळी उचलली तर तिथे निस्तेज अर्धवर्तुळ. मला वाटलं, डाग आहे. साबणाने घासलं. जाईना, म्हणून, हे लिहितानाही जीव कळवळतो, त्यावर तेच पाणी परत फवारलं. उजेडात तिरकं पाहिलं तेव्हा कळलं की तिथली चकाकीच गेली आहे. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. तो डाग नव्हता, दगडच विरघळला होता. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट, नळावरच्या थरात असतं तेच. ज्या गुणामुळे नळ साफ झाला त्याच गुणामुळे ओटा गेला. व्हिनेगर, लिंबाचा रस, सायट्रिक अ‍ॅसिड, यांतलं काहीही संगमरवरावर नको. कोणता दगड आहे ते माहीत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा. बुडबुडे आले की लगेच धुवा आणि आम्लाचा विचार सोडा. टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटलाही आम्ल खातं, तिथेही रेंगाळू देऊ नका.

चिकट्यासाठी धुण्याचा सोडा लागतो, खायचा सोडा त्यासाठी फार सौम्य आहे. माझ्याकडे खायचा सोडाच होता. तो ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर तापवला तर त्याचा धुण्याचा सोडा होतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. मी 200 ग्रॅम पसरून ठेवला होता, निघाला 126 ग्रॅम. वजन कमी झालं म्हणजे काम झालं. हा सोडा जास्त कडक असतो, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. 1 लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे घालून त्यात पंख्याची प्लॅस्टिकची पाती बुडवली. पंख्याचा प्लग आधी काढला होता, पाती सोडवून घेतली होती. वीस मिनिटांत पाणी चहासारखं झालं आणि चिकटा बोटाने निघाला. अ‍ॅल्युमिनियमची जाळी मात्र यात घालू नका, ती काळवंडते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच बरा.

एक गोष्ट आईने हेरली. तयार सायट्रिकच्या बाटलीत काही आठवड्यांनी पांढरट तंतू तरंगायला लागले. "अगं, यात बुरशी धरलीय," ती म्हणाली. पातळ द्रावणात ती धरते. आता पूड कोरडी ठेवते आणि लागेल तेवढंच पाणी करते.

यापुढचं मात्र काळजीपूर्वक वाचा. एकदा टॉयलेटमध्ये आम्ल टाकून मी दुसऱ्या कामाला लागले आणि माझ्या भावाने वरून ब्लीच ओतलं. क्लोरीन वायू झाला. त्याचा घसा जळजळला, डोळ्यांतून पाणी आलं. नशिबाने तो लगेच बाहेर आला आणि खिडकी उघडी होती. ब्लीचमध्ये आम्ल कधीच मिसळायचं नाही, अमोनियाही नाही. टॉयलेटच्या अनेक क्लीनरमध्येही आम्ल असतं, म्हणून घरात बनवलेलं आणि विकतचं कधी एकत्र करायचं नाही.

आणि हे सगळं मळ काढण्यासाठी आहे. घरात कोणी आजारी असेल आणि जंतू मारायचे असतील, तर यावर भिस्त ठेवू नका.

आता दोन बाटल्या आहेत, ठळक अक्षरांत लेबलं लावलेल्या. आम्लाच्या बाटलीवर आईने लाल पेनाने लिहिलंय: "दगडावर नको. ब्लीचजवळ नको." ती बाटली ओट्यावर कोणी ठेवत नाही, बाथरूमच्या फळीवर असते. काचेच्या दाराचं काम अजून बाकी आहे. वरचा भाग लख्ख झाला, खालच्या पट्ट्यात जुना थर आहे. रविवारी त्याला ओला कागद चिकटवून बघणार आहे.