तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज गेलेल्या माणसाचं नवं काय ऐकायचं?

पुतण्या विचारतो, मुंबईहून आंबे न्यायला येणारे मित्र विचारतात, बँकेतले एक साहेबसुद्धा गाडीत बसल्या बसल्या विचारून गेले: "अहो, जेथ्रो टलचे जुने अल्बम आहेत की तुमच्याकडे. मग नव्याच्या वाटेला कशाला जाता? त्या अँडरसनचा आवाज केव्हाच गेलाय."

गेलाय, खरंच. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इयान अँडरसन हा जेथ्रो टल या रॉक बँडचा गायक, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, 1947 सालचा माणूस. एरिक क्लॅप्टनसारखी गिटार आपल्याला जमणार नाही हे ओळखून त्याने 1967 मध्ये आपली गिटार देऊन टाकली आणि बदल्यात बासरी घेतली. एका पायावर उभं राहून ती वाजवायची त्याची ढब जगभर ओळखीची झाली. बँडला नाव मिळालं ते अठराव्या शतकातल्या एका शेतीतज्ज्ञाचं, ज्याने बी पेरायची यांत्रिक पाभर काढली. आमच्या देवगडकडे भाताची लावणी, पाभरीचं कौतुक घाटावरच्यांना. पण शेतकऱ्याचं नाव म्हणून मला ते लगेच आवडलं होतं.

माझ्यापर्यंत हा बँड आला 1984 च्या गणपतीत. मी सोळा वर्षांचा. दादरच्या मावसभावाने भरून आणलेली कॅसेट, 1972 चा अल्बम. अख्ख्या अल्बमभर एकच गाणं, दोन्ही बाजूंना मिळून त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटं. पहिली बाजू संपायच्या आत वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ते गाणं माझ्या डोक्यात आजही तिथेच तुटतं. आणि नेमकं त्याच वर्षीच्या दौऱ्यात अँडरसनचा घसा बिघडला, तो पुन्हा कधी धड झालाच नाही. म्हणजे मी चाहता झालो ते साल आणि त्याचा आवाज गेला ते साल एकच. तुम्ही ज्या आवाजासाठी हळहळता, तो मला फक्त फितीवर भेटला. माझ्या वयाबरोबर चाललाय तो हाच, फाटका.

प्रत्यक्ष ऐकायची एक संधी होती. 29 नोव्हेंबर 2008, मुंबई, सोबत सतारवादक अनुष्का शंकर. तिकीट काढलं होतं. 26 तारखेला काय झालं ते सांगायला नको. कार्यक्रम रद्द झाला आणि 5 डिसेंबरला हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी पुन्हा ठरला, तेव्हा मी इथे मोहोरावर फवारणी करत होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तर नवा अल्बम, 'क्युरियस रुमिनंट', 7 मार्च 2025 ला आला. रुमिनंट म्हणजे रवंथ करणारं जनावर. गोठ्यात म्हैस असलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. 2003 नंतर यांनी थेट 2022 मध्ये नवा अल्बम काढला होता, मग 2023 मध्ये एक आणि आता हा. सत्तरी ओलांडल्यावर एवढी घाई.

मी तो पहिल्यांदा ऐकला पॅकिंगच्या शेडमध्ये. पहिल्या तोडणीचे आंबे, खाली पेंढा, आई फळं निवडतेय, मी खोके भरतोय. पहिल्या दोन-तीन गाण्यांनी माझा विरस झाला, खोटं कशाला बोलू? एका ओळीत इतके शब्द कोंबलेत, की वकील दावा वाचतोय असं वाटावं. चाळीसेक वर्षं गिटार वाजवलेला मार्टिन बार आता बँडमध्ये नाही. नवा पोरगा सफाईने वाजवतो, पण बारची गिटार मधेच अंगावर यायची, तसं होत नाही.

पण सूर? तो मला चुकलेला वाटला नाही. आमच्या वाडीचे भजनी बुवा एकेकाळी काळी चारच्या उंच पट्टीत गायचे. आता पेटीवाल्याला काळी एक द्यायला सांगतात आणि आलापाऐवजी शब्द असे टाकतात, की कोरस आपोआप सावध होतो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, अजून त्यांनाच बोलावतात. अँडरसनने तेच केलंय. चाली खालच्या पट्टीत, उड्या नाहीत, गाणं जवळजवळ बोलण्यावर आणलेलं, आणि जिथे पूर्वी गळा चढायचा तिथे बासरी चढते. शेवटच्या तुकड्यात तर तो गातच नाही, नुसता बोलतो.

त्याच्या आधीचा तुकडा सोळा मिनिटांच्या वरचा. त्याचं मूळ 2007 मध्ये अर्धवट सोडलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. म्हणजे खरोखरच रवंथ: गिळलेलं अठरा वर्षांनी वर काढून पुन्हा चघळलेलं. त्यात शब्दांना जरा वाट पाहायला लावलीय, बासरी आधी फिरून येते, सावकाश, पुळणीवरून चालल्यासारखी. आमचा नेपाळी राखणदार आंबे काढायचा झेला खांद्यावर घेऊन दारात आला, तो तिथेच थांबला. काही बोलला नाही. बराच वेळ थांबून गेला.

आई मात्र बोलली. हातातलं फळ तसंच धरून म्हणाली, "ह्येका धाप लागता मा रे?"

मी चाट पडलो. फुप्फुसांचा चिवट आजार असल्याचं अँडरसनने 2020 मध्ये स्वतःच सांगितलं होतं. आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, तिने नुसत्या श्वासावरून ओळखलं. मी सांगितलं, फुप्फुसं बिघडलीत त्याची.

"मगे बासरी कित्याक वाजयता?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात गाणं संपलं. तिने फळ पेंढ्यात ठेवलं, दुसरं उचललं.

"लाव मरे परत. अजून चार खोके भरूचे आसत."