टपावरच्या तंबूची करकर

रात्री दीडच्या सुमाराला ती करकर पुन्हा सुरू झाली. मुलीने कूस बदलली की कर्रर्र, नवरा पाणी प्यायला उठून बसला की कर्रर्र, आणि प्रत्येक वेळी अख्खा तंबू बोटभर डुलायचा, आणि मी अंधारात टक्क जागी, की आपण जमिनीपासून साडेसहा फुटांवर तिघं झोपलोय आणि खाली नक्की काय सुटतंय?

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते, कारण फोनवर आईला समजावताना बराच वेळ गेला होता. इथे अमेरिकेत पिकअप ट्रक ही अगदी घरगुती गाडी आहे, किराणा आणायला सुद्धा लोक तीच काढतात. मागे जो उघडा हौदा असतो त्यावर फायबरग्लासचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं झाकण बसवतात, त्याला कॅम्पर शेल म्हणतात, म्हणजे हौद्याला टप आला, खिडक्या आल्या, मागे काचेचं दार आलं. त्या टपावर रॅकचे दोन आडवे बार आणि त्या बारांवर घडीचा तंबू. आमचा तंबू उघडला की अर्धा टपावर राहतो आणि अर्धा उजव्या बाजूला गाडीच्या बाहेर येतो, आणि तो बाहेरचा अर्धा भाग शिडीवर तोललेला असतो. म्हणजे शिडी नुसती चढायला नाही, तो एक खांब आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथेच येऊन थांबते.

आम्ही सॉल्ट लेक सिटीला राहतो. युटाच्या दक्षिण टोकाला मेक्सिकन हॅट नावाच्या एवढ्याशा गावाजवळ व्हॅली ऑफ द गॉड्स आहे, लाल दगडांचे उंचच उंच सुळके आणि त्यांच्यामधून जाणारा १७ मैलांचा कच्चा रस्ता. ही जमीन सरकारी, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातली, आणि आधीपासून वापरात असलेल्या मोकळ्या जागांवर फुकट मुक्काम करता येतो. पाणी नाही, संडास नाही, दिवा नाही, त्यामुळे आकाश असं दिसतं की बोलणं थांबतं. पण कच्चा रस्ता म्हणजे धुण्याच्या पाटीसारख्या आडव्या वळ्या, गाडी सतत थरथरत राहते. त्या थरथरीचा पण या गोष्टीत हात आहे.

पहाटे पाऊस आला, तासभर चांगला पडला. सकाळी खाली उतरून हौदा उघडला तर डाव्या बाजूला, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या बाजूला, पाण्याचं लांबट थारोळं आणि मुलीचे बूट भिजलेले. वर गादी उचलली तर तिची खालची बाजूही ओली. मग काय, आम्ही ठरवूनच टाकलं की तंबू गळतोय, तेच पाणी खाली उतरतंय आणि करकर पण तंबूच्या बिजागरीचीच.

पुढचे तीन वीकेंड यात गेले. शिवणींना सीलंट लावलं, तंबूचे रॅकवरचे नट आवळले, बिजागरीत वंगण घातलं. फरक शून्य. तंबू विकणारा म्हणाला शेलचा दोष, शेल बसवून देणारं दुकान म्हणालं तंबूचा दोष, आणि दोघांनीही गाडी बघायची तसदी घेतली नाही याचा मला खरंच राग आला, कारण आम्ही वर एक लहान मूल घेऊन झोपत होतो.

शेवटी मीच एक ठरवलं की आता एका वेळी एकच गोष्ट तपासायची. पहिला प्रश्न, पाणी कुठून? यासाठी पाईप घेऊन पाणी खालून वर मारत जायचं असतं, वरून मारलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. नवरा आत हौद्यात बॅटरी घेऊन बसला, मी आधी शेलच्या खालच्या कडेवर पाच मिनिटं पाणी धरलं, मग खिडक्या, मग टपावर रॅकच्या पट्ट्या जिथे बोल्टने बसवल्यात ती भोकं. एक थेंब आत नाही. म्हणजे मोकळी उभी गाडी गळतच नव्हती! आणि तंबू उघडून त्यावर पाणी मारलं तर तोही आतून कोरडा.

इथे माझं डोकं चाललं. गळतं कधी, तर आम्ही वर झोपलेले असताना. मग त्या रात्री अंधार पडल्यावर घरासमोरच तंबू उघडला, नवरा आणि मुलगी वर चढले आणि बाहेरच्या अर्ध्या भागात जाऊन बसले, शेजारचे आजोबा हौशीने मोठा टॉर्च घेऊन डाव्या बाजूला उभे राहिले, आणि मी हौद्यात पाठीवर झोपून कडेकडे बघत राहिले. आधी मिट्ट काळोख. मग ते दोघं वर सरकले आणि डाव्या कडेला, शेल आणि हौद्याच्या मधे, प्रकाशाची एक बारीक रेघ उमटली. सुतळीएवढी, दोन हात लांब. ते आत सरकले की रेघ मिटायची आणि मिटताना तीच करकर ऐकू यायची. मी हौद्यातून ओरडले, सापडलं!

झालं होतं असं. बरेचसे शेल गाडीला भोकं पाडून पक्के बसवलेले नसतात, ते हौद्याच्या कडांवर नुसते ठेवलेले असतात, मधे फोमची पट्टी, आणि आतून क्लॅम्पने कडेला धरलेले. आमचे क्लॅम्प चार. हौद्यात आधीपासून प्लास्टिकचं अस्तर होतं, त्याची कड वरून दुमडलेली, आणि बसवणाऱ्यांनी क्लॅम्पचा खालचा जबडा लोखंडाऐवजी त्या प्लास्टिकवरच आवळला होता. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू पसरतं, फोमही दबून पातळ होतो, त्यात कच्च्या रस्त्याची थरथर, आणि मग क्लॅम्प दिसायला जागच्या जागी पण पकड काहीच नाही. मी हाताने फिरवला तर मागचा डावा क्लॅम्प चक्क फिरला.

आणि शिडी. रेताड जमिनीत तिचे पाय चार बोटं रुतले की खांब गेला, मग तंबूचा बाहेरचा भाग खाली ओढणार, आणि सी-सॉसारखी दुसरी बाजू वर उचलणार, आणि तंबू रॅकला घट्ट, रॅक शेलला घट्ट, म्हणून शेलच डावीकडून उचललं जाणार. आम्ही तंबूचे नट जितके आवळत होतो तितका सगळा ताण त्या चार क्लॅम्पवर जात होता.

गादीखालचं पाणी मात्र वेगळंच निघालं. तीन माणसांचा रात्रभरचा श्वास, बाहेर थंडी, तंबूचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा आणि गार, म्हणजे गादीखाली दव धरणारच. त्याला सीलंटचा काय उपयोग? गादीखाली जाळीदार चटई घातली म्हणजे हवा खेळते, आणि कितीही थंडी असली तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून वीतभर उघड्या ठेवतो. शिवाय ओला तंबू मिटून आणला तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवायचा, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास येतो आणि एकदा काळे ठिपके पडले की ते कापडातून जात नाहीत.

दुरुस्तीला एक शनिवार पुरला. नवऱ्याने क्लॅम्पच्या जागी प्लास्टिकचं अस्तर खाच पाडून कापलं, कापलेल्या कडा घासल्या, म्हणजे जबडा थेट लोखंडावर बसतो. चारचे सहा क्लॅम्प केले. जुना फोम खरवडून काढला (नखांत आठवडाभर राहिला तो) आणि पोकळ गोल रबरी पट्टी लावली. आवळताना मात्र जोर दाखवायचा नाही, फायबरग्लासची कड जास्त दाबली की तडकते, म्हणून टॉर्क पाना (आपण किती जोराने आवळतोय ते आकड्यात सांगणारा पाना) कंपनीच्या कागदावर दिलेल्या आकड्याला लावून तिथेच थांबायचं. मग प्रत्येक नटवर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायची गरजच नाही. ही युक्ती आजोबांची. पहिल्या ५० मैलांनंतर थांबून सगळे पुन्हा आवळले, कारण नवं रबर थोडं बसतंच.

वजनाचं पण सांगते, कारण हे विचारल्याशिवाय कुणीही शेल घेऊ नये. टपाला चालत्या गाडीत किती वजन चालतं आणि उभ्या गाडीत किती, हे दोन वेगळे आकडे असतात. चालताना खड्डे, ब्रेक, वळणं यांचे झटके बसतात म्हणून तो आकडा खूप कमी असतो. आमच्या शेलचा चालतीचा आकडा १६५ पौंड, तंबू १३० आणि बार २५, म्हणजे कसंबसं बसतंय, त्यामुळे पांघरुणं आम्ही तंबूत मिटून ठेवत नाही, हौद्यात ठेवतो. आमचे क्लॅम्प सैल होते पण टप निदान आकड्यात होता. तुमच्या टपावर रॅकच्या बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर मात्र क्लॅम्प बघत बसू नका, आधी तंबू उतरवा.

शिडीसाठी आता प्लायवूडचे दोन चौकोनी तुकडे कायम गाडीत असतात, रेतीत त्यावरच पाय टेकवायचे. आणि कोन साधारण ७५ अंश, म्हणजे चार फूट उंचीला एक फूट बाहेर. गाडी उंच असल्यामुळे आमची शिडी पुरत नव्हती आणि जवळजवळ उभीच लागायची, हेही तेव्हाच लक्षात आलं, मग जोडतुकडा घेतला.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्याच जागी गेलो. या वेळी पुढे मोकी डगवेही चढलो, सीडर मेसाच्या कड्यावर जाणारा तीन मैलांचा कच्चा घाट, १९५० च्या दशकात युरेनियमचं खनिज ट्रकने खाली आणायला खोदलेला, १० टक्क्यांची चढण आणि बाजूला बहुतेक ठिकाणी कठडाच नाही. रात्री वर वारा होता, तंबूचं कापड फडफडत होतं पण खालून आवाज नाही. मुलगी दोनदा कूस बदलली आणि मी दोन्ही वेळा श्वास रोखून ऐकत राहिले, काहीच नाही.

सकाळी चहा ठेवायच्या आधी हौद्यात शिरून सहाही रेघा बघितल्या. पाच सरळ होत्या, मागच्या डाव्याची केसभर सरकली होती. पाना घेतला, आकड्यापर्यंत आवळला, जुनी रेघ पुसून नवी ओढली आणि मग घाट उतरायला लागलो.