कोलोनचं कॅथेड्रल
आज जर्मनीतल्या कोलोनला जाऊन आले. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रलच. 157 मीटर उंच! मान दुखेपर्यंत बघत राहिले.

पण खरं वेड लावलं ते त्याच्या इतिहासानं. 1248 साली पायाभरणी झाली आणि सोळाव्या शतकात काम जे थांबलं, ते जवळपास तीनशे वर्षं. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी. शहराच्या जुन्या चित्रांतही ती दिसते. मग 1814 मध्ये दर्शनी भागाच्या मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा तुकडा डार्मश्टाटमध्ये सापडला, उरलेला पुढे पॅरिसमध्ये. चर्मपत्रावर शाईनं काढलेला. त्याच्याच आधारे दोन्ही मनोरे चढले आणि 1880 मध्ये काम पूर्ण झालं. ज्यानं त्या रेघा ओढल्या त्याच्यानंतर तब्बल सहाशे वर्षांनी! अंगावर काटा आला.

आत छत 43 मीटरवर. त्याचा रेटा बाहेरच्या कमानदार आधारांवर जातो, म्हणून भिंतींच्या जागी एवढ्या मोठ्या खिडक्या शक्य झाल्या. दक्षिणेकडची, जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टरची खिडकी 2007 ची, 72 रंगांच्या 11,263 काचांची. काहींना ती पटली नव्हती, मला फार आवडली. ऊन आलं आणि समोरचा करडा खांब हिरवा-जांभळा झाला, माझा हातही.

बाहेर एका कोपऱ्यात नवा, फिकट दगड बसवलेला दिसला, शेजारचे काळवंडलेले. इथल्या पाथरवटांची कार्यशाळा आजही चालू आहे. पुढच्या वेळी मनोऱ्याच्या 533 पायऱ्या नक्की चढणार.