पद सुरू होण्याआधीचे दहा सेकंद

संगीत नाटक करणाऱ्या इंदूरच्या हौशी मंडळींच्या तालमीत पदांवर, म्हणजे नाटकातल्या गाण्यांवर, भरपूर मेहनत होते. संवाद संपून पद सुरू होतं त्या आठ-दहा सेकंदांची तालीम मात्र सहसा कुणी घेत नाही, आणि गाणं बहुतेकदा तिथेच बिघडतं. गद्यात आवाज चढलेला, श्वास छातीत वर अडकलेला, त्यात ऑर्गनवाल्याने स्वर दिला की घाईने उचल. मग सूर चढतो, लय पळते आणि तबलजी बिचारा मागे धावतो.

होळकर स्टेडियमवर फलंदाज बघा. दोन चेंडूंच्या मध्ये बाजूला होतो, ग्लोव्ह्ज ओढतो, गार्ड घेतो, मगच गोलंदाजाकडे पाहतो. दर वेळी क्रम तोच. नटालाही असा क्रम हवा, फक्त तो भूमिकेत लपला पाहिजे. समोरच्याचं शेवटचं वाक्य चालू असताना सावकाश श्वास सोडा, जबडा आणि खांदे सैल. पदर किंवा उपरणं सारखं करा. स्वर ऐका, मनात एक शब्द म्हणा, नजर शेवटच्या रांगेवर. तो शब्द 'मोकळं' चालेल, 'गंधार सांभाळ' नको. अंगवळणी पडलेल्या गोष्टीवर पहारा बसवला की ती अडखळते. बायलॉक आणि कार या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये गोल्फवरच्या प्रयोगांतून दडपणाखालच्या चुकांचं हेच कारण मांडलं.

विंगेत 'शांत हो, शांत हो' करणाऱ्यांना आधी आवरा. धडधड सांगून थांबत नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगात कॅरिओकेआधी 'मला उत्साह वाटतोय' म्हणणारे, 'मी घाबरलोय' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस गायले.

मनातल्या मनात तालीम करायची तर आडवं पडून नको. उभं राहून, शालू किंवा पगडी चढवून, पदाच्या खऱ्या लयीत. रोज पाच मिनिटं पुरे.

शेवटच्या आठवड्यात मुद्दाम अडथळे घाला: दोन जिने चढून लगेच पद, समोरच्याने गाळलेलं वाक्य, उशिरा आलेला स्वर. पद पक्कं होण्याआधी हे केलंत तर चूकच पक्की होईल.

आणि वन्स मोअर! खरा धोका तिथे. पहिल्यांदा जमलेल्या ताना आता दुप्पट घ्याव्याशा वाटतात, दम तेवढाच उरलेला असतो. टाळ्या ओसरेपर्यंत पुन्हा तोच क्रम, श्वास सोडण्यापासून. पद पूर्ण घ्यायचं की अंतऱ्यापासून, हे ऑर्गनवाल्याशी तालमीतच ठरवून ठेवा.