डिचोली ते नागपूर, चार मित्रांच्या घरी थांबत

कॉलेजच्या मित्रांकडे गाडीने जायचं तर नकाशाच्या आधी मी फोन करतो. गोव्यात फर्मागुढीला एकत्र शिकलेले चौघे आता कोल्हापूर, पुणे, संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. कोणाला सुट्टी कधी, हे कळल्याशिवाय वार ठरत नाहीत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तिथला मित्र तशाच कारखान्यात आहे, म्हणून गुरुवार पुण्याला दिला आणि बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे बसवले: मंगळवारी कोल्हापूर, बुधवारी संध्याकाळी पुणे, शुक्रवारी संभाजीनगर, शनिवार-रविवार नागपूर. एक नियम मात्र पाळायचा. मित्राच्या दारात संध्याकाळी पाचपर्यंत गाडी लागली पाहिजे. रात्री दहाला पोचलं तर त्याचं घर जेवायचं थांबलेलं असतं आणि आपले डोळे मिटत असतात. गप्पा राहूनच जातात.

टाकी गोव्यातच भरून घ्यावी, महाराष्ट्रात पेट्रोल महाग पडतं. डिचोली ते बेळगाव चोर्ला घाटातून शंभरेक किलोमीटर, पण अडीच-तीन तास धरावेत. पावसाळ्यात धुकं असतं. अशा वेळी हेडलाईट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर ठेवायचा. अप्पर (वरचा झोत) लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मित्रांसाठी काजू, कोकमाची सोलं, बिबिंका आणि खाजं न्यावं. सुकी सुंगटं (कोळंबी) नेली तर दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर नागपूरपर्यंत गाडीला वास राहतो. फेणीची बाटली कितीही आग्रह झाला तरी नको. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि त्यात गाडीही जप्त होते.

फास्टॅग आदल्या रात्रीच भरून ठेवावा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल जातो. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला असला तरी तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. समृद्धी महामार्ग राज्याचा, त्यामुळे तिथल्या टोलसाठी शिल्लक वेगळी लागते.

कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेले रस्ते लागतात, म्हणून तासभर जास्तीचा ठेवावा. खरी काळजी पुण्यात शिरताना, कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या लांब उतारावर. ब्रेक तापून निकामी झालेले ट्रक इथेच घसरत येतात. त्यामुळे गाडी कधीही न्यूट्रलला टाकायची नाही, खालच्या गिअरात उतरायचं आणि ट्रकच्या पुढे रेंगाळायचं नाही. सोसायटीत पाहुण्यांचं पार्किंग आहे का, ते मित्राला आधीच विचारावं आणि गाडीचा नंबर गेटवर कळवायला सांगावं.

शुक्रवारी पहाटे सहाच्या आत पुणे सोडलं नाही तर वाघोलीपासून शिरूरपर्यंत रांगेत सकाळ जाते.

शनिवारचा टप्पा सगळ्यात सोपा दिसतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे. संभाजीनगरजवळच्या सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढलं की नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास सरळ रस्ता आहे. कारला १२०ची मर्यादा आहे. टायर फुटतो तो बहुतेक कमी हवेमुळे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते. तासन्‌तास एकाच वेगाने गेलं की ती निघून जायला वेळच मिळत नाही आणि रबर व आतल्या दोऱ्यांचे थर सुटायला लागतात. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्यावा, आणि गाडी भरलेली असेल तर पूर्ण भाराचा. वाटेत तापलेल्या टायरचा आकडा चढलेला दिसतो, पण तेव्हा हवा काढू नये. टायरवरचे चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी चांगली दिसली तरी या रस्त्यावर मी नेत नाही. स्टेपनीलाही हाच नियम.

दुसरा धोका झोपेचा. वळण नाही, सिग्नल नाही, मग डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. मी १००वर गाडी धरतो आणि दर दीड तासाने खाली उतरून दहा मिनिटं चालतो. पंप आणि स्वच्छतागृहं लांब लांब आहेत, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की पहिल्याच पंपावर भरून घ्यावी.

आणि निरोप रात्रीच घ्यावा. सकाळी "चहा तरी घे, पोहे होतच आलेत" यात तास जातो, आणि तो पुढच्या मित्राच्या संध्याकाळीतून वजा होतो. बॅग रात्रीच डिकीत ठेवायची, गाडीचं तोंड फाटकाकडे करायचं आणि घरच्यांना सांगून ठेवायचं की पहाटे कोणी उठायचं नाही. मित्र तरीही उठतोच. त्याच्याबरोबर उभ्या उभ्या एक कप चहा घ्यावा आणि निघावं.