एल१चं क्षेत्रफळ

कमरेच्या मणक्यात लक्षणीय वाढ, असं सॉफ्टवेअरने रिपोर्टच्या तळाशी स्वतःहून छापलं होतं. आजी ७४ वर्षांच्या, दोन वर्षांनी पुन्हा डेक्साला, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनला आलेल्या. टी-स्कोअर (तरुण हाडाच्या सरासरीशी तुलना; जितका जास्त उणे तितकं हाड विरळ) तेव्हा उणे २.८ होता, आता उणे २.५. मुलाने माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर नजर टाकली आणि विचारलं, “म्हणजे आता औषध बंद केलं तरी चालेल ना?”

निदान सांगणं टेक्निशियनचं काम नाही, म्हणून “डॉक्टर बघतील” म्हणत वेळ मारून नेली. पण खुब्याचा आकडा डोक्यातून जाईना. पूर्ण खुब्याची घनता ०.६९८ वरून ०.६६१ ग्रॅम प्रति चौ. सेंमीवर आली होती. पाच टक्क्यांची घट. बाई एकच, औषध एकच, आणि कंबर वर चाललीय तर खुबा खाली?

अशा वेळी एक तयार सबब असते: टेक्निशियनने पाय नीट वळवला नसेल. सबब अगदीच खोटी नाही. खुब्याच्या स्कॅनला पाय १५ ते २० अंश आत वळवून पट्ट्याने पाऊल साच्याला बांधावं लागतं. गुडघा वळला आणि मांडी तशीच राहिली तर काही उपयोग नाही, वळण खुब्यातूनच यायला हवं. पाय कमी वळला की हाडाची मान आखूड दिसते आणि घनता उगाच जास्त येते. ओळखायची खूण म्हणजे मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा. तो ठळक दिसला तर स्कॅन परत करायचा. मी दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावली. दोन्हींत तो उंचवटा नखाएवढाच डोकावत होता. यंत्र बरोबर मोजतंय का हे पाहायला रोज स्कॅन करतात तो फँटम, म्हणजे ठरावीक घनतेचा नमुना, तोही सकाळी दीड टक्क्याच्या पट्ट्यात बसला होता. घट खरीच होती.

मग कंबर वर कशी गेली? मणक्यागणिक तक्ता दुसऱ्या पानावर असतो. आमच्याकडे कागद वाचवायला ते पान छापतच नाहीत, आणि छापलं तरी वाचणारे किती, हा प्रश्नच आहे. हिरवा-पिवळा-लाल आलेख बघून पान उलटायची सवय सगळ्यांनाच लागलेली.

कमरेचे मणके वरून खाली एल१, एल२ असे मोजतात. तक्त्यात एल२, एल३, एल४ जवळपास जागच्या जागी होते. एल१ मात्र ०.६८० वरून ०.८७० वर. कुठल्याही औषधाने एकच मणका दोन वर्षांत २८ टक्के सुधारत नाही. शेजारच्या रकान्यात उत्तर होतं: एल१चं क्षेत्रफळ ११.८ चौ. सेंमी होतं, ते ९.६ झालं होतं. खनिज तेव्हा ८.०२ ग्रॅम, आता ८.३५.

डेक्सा हाडाची सावली मोजतो. खनिजाचे ग्रॅम भागिले सावलीचं क्षेत्रफळ, एवढंच त्याचं गणित. भरलेलं पोतं वरून दाबून बसवलं तरी आतलं धान्य तेवढंच राहतं, फक्त सावली आखूड होते. मणका चेपला की भाजक घटतो आणि घनता वाढल्यासारखी दिसते. हाड मोडलं आणि यंत्राने शाबासकी दिली.

एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजारच्यापेक्षा एकाहून जास्त वेगळा आला तर तो गणनेतून काढायचा, असा नियम आहे. इथे एल१ उणे ०.५ आणि एल२ उणे २.९. एल१ वगळला, मागच्या स्कॅनचाही एल२ ते एल४ असाच हिशेब पुन्हा काढला. तेव्हा ०.७५८, आता ०.७५०. आमच्या केंद्रात कमरेसाठी ०.०२८ पेक्षा कमी फरकाला फरक मानत नाही. हा आकडा यंत्राबरोबर मिळत नाही. ३० जणांचा स्कॅन प्रत्येकी दोनदा, मध्ये टेबलावरून पूर्ण खाली उतरवून, असा करून आलेल्या चुकीला २.७७ने गुणायचं. कित्येक ठिकाणी हे कधीच केलेलं नसतं आणि तरी “दोन टक्के सुधारणा” असं ठणकावून लिहिलेलं असतं.

म्हणजे सॉफ्टवेअरची लक्षणीय वाढ एल१ काढल्याबरोबर नाहीशी झाली.

उंचीचंही तसंच. आजी म्हणाल्या, “१५२ लिहा, तेवढीच आहे माझी.” चपला काढायला लावून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून तीनदा मोजली: १४८.५. मागच्या फॉर्मवर १५२ होतं खरं, पण ते मोजलेलं की विचारून लिहिलेलं हे कळायला मार्ग नाही, कारण विचारून लिहायची वाईट खोड आमच्यातही आहे. मधल्या काळात मोजलेली उंची दोन सेंमीने जरी घटली तरी मणक्यांचं बाजूचं चित्र घ्यायचं असतं. मागचा आकडा भरवशाचा असता तर क्षेत्रफळापर्यंत जायची गरजच पडली नसती.

“पाठ कधीपासून दुखतेय?” असं विचारलं. “दुखतेय का?” विचारलं की म्हातारी माणसं “वयाचंच आहे” म्हणून मोकळी होतात. दीड महिन्यापूर्वी बादली उचलताना कळ आली होती, स्नायू आखडला म्हणून गोळ्या चालू होत्या. औषध कुठलं? “सहा महिन्यांचं इंजेक्शन.” म्हणजे डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम. शेवटचं कधी? मुलाने मोबाईल चाळला. अकरा महिने झाले होते. दाढ काढायची होती, दातांच्या डॉक्टरांनी “तूर्त थांबवा” म्हटलं, आणि ते तूर्त तसंच राहिलं.

हाडांच्या विरळपणावरची अॅलेंड्रोनेटसारखी औषधं हाडात मुरतात, बंद केली तरी काही काळ पुरतात. डेनोसुमॅब मुरत नाही. सहा महिन्यांनी असर ओसरतो, दबलेल्या हाडखाऊ पेशी एकदम उसळतात, आणि मणके चेपतात, बहुधा एकाहून जास्त. म्हणून तारीख चुकली तरी शेवटच्या डोसपासून सात महिन्यांपुढे जाऊ द्यायचं नसतं. दाताचं काम या वेळापत्रकात बसवता येतं. बंदच करायचं असेल तर मागून दुसरं औषध, बहुतेक वेळा झोलेड्रॉनिक अॅसिड, द्यावंच लागतं. थांबवा म्हणणारा एक, लिहून देणारा दुसरा, आणि तारीख सांभाळायची पेशंटने.

बाजूचं चित्र घेतलं. एल१ची पुढची उंची एक तृतीयांश गेलेली, त्याच्या लगेच वरचा टी१२, म्हणजे छातीमागचा शेवटचा मणका, तोही किंचित चेपलेला. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते आधी वैतागले, कारण “सुधारणा” लिहून सहीही झाली होती. दुसरं पान पाठवल्यावर दहा मिनिटांत रिपोर्ट बदलला. पुढे कॅल्शियम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड तपासलं, मायलोमा (हाडं पोखरणारा अस्थिमज्जेचा कर्करोग) नाही याची खात्री केली, आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं.

एक गोष्ट अजून सुटत नाही. टी१२ कमरेच्या स्कॅनच्या चौकटीत अर्धाच येतो. तो एकटाच चेपला असता तर चारही मणक्यांचे आकडे सरळ दिसले असते आणि मीही पान उलटलं असतं.

आजींच्या नोंदीत आता कायमची सूचना आहे: तुलना फक्त एल२ ते एल४, एल१ वगळणे, उंची मोजूनच लिहिणे. खाली शेवटच्या इंजेक्शनची तारीख. त्या तारखेसाठी फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिली.